अमरेशच्या गोळ्यांची चिठ्ठी

अमरेशच्या गोळ्यांची चिठ्ठी मेडिकलवाल्याला पाठवायची, ती मी चुकून होस्टेलच्या ग्रुपवर टाकली. डिलीट करेपर्यंत बेचाळीस जणांनी पाहिली होती.

अमरेश माझा रूम पार्टनर. उदगीरच्या भुसार दुकानदाराचा मुलगा, नांदेडला एम.एस्सी. करायला आलेला. महिनाभर त्याला झोप नव्हती, पेपरचं नाव काढलं की उठून खोलीबाहेर जायचा. मनाच्या डॉक्टरांकडे तो स्वतःहून गेला. आमच्या होस्टेलात एवढी हिंमत कुणाची झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सोडू नको, आणि एका तरी मित्राशी मोकळं बोलत जा." त्यानं मित्र म्हणून मला निवडलं. माणसांची पारख त्याला कधीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पोरं सुरू झाली. "का रे अमरेश, वरण वाढू का गोळी?" सगळे हसले. मीही हसलो, जरा मोठ्यानंच.

खोलीत आल्यावर तो म्हणाला, "मेसमध्ये एकदा म्हण ना, ह्यात हसण्यासारखं काही न्हाई. तुझं ऐकतेत ती."

"हाव, उद्या म्हणतो."

आठवडाभरात त्यानं गोळ्या सोडल्या, मग मेस, मग पेपर. शेवटी वडील येऊन सामान बांधू लागले. पोरगा शेजारी उभा असताना ते मला म्हणाले, "लई हुशार होता हो."

आता तो दुकानात नुसता बसून असतो म्हणे, गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही. मी त्याच मेसमध्ये रोज जेवतो. पोरांना हसायला दुसरा कुणीतरी सापडलाय. ते एक वाक्य मी अजून म्हटलेलं नाही.