ईश्वर पवारला हवी होती दहा गेजची बंदूक

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करतो. बायको अरुणा म्हणते, देवाने प्रसाद दिला तरी तुम्ही एक्सपायरी डेट बघाल. त्यामुळे ईश्वर पवारला मी इतकं जवळ येऊ दिलं, हेच खरं तर आश्चर्य.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडला तेव्हा आमच्या ओटावाजवळच्या कनाटातल्या सगळ्या गॅरेजांनी मला तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. मराठी मंडळाच्या दिवाळीत ओळख झालेला हा सोलापूरकडचा मेकॅनिक दुसऱ्याच दिवशी जॅक घेऊन दारात हजर झाला. चारही विंटर टायर चढवले, चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी परत येऊन नट आवळून गेला, कारण नवीन बसवलेलं चाक थोडं चाललं की नट सैल होतात म्हणे. तेव्हापासून वर्षातून दोनदा टायर बदलायला तोच यायचा. आश्रमशाळेत शिकलेला, आयटीआय केलेला, सात वर्षं मस्कतला काढलेला. आता ओटावात मोठ्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये होता. कमी बोलायचा. आमच्या गॅरेजच्या दाराचा कोड त्याच्याकडे होता, आणि संशयी माणसाने याहून जास्त काय द्यायचं?

२०१७ च्या जानेवारीत तो एक फॉर्म घेऊन आला. त्याला शिकारीची बंदूक घ्यायची होती. इकडे त्यासाठी लायसन्स लागतं, कोर्स करावा लागतो, बायकोची सही लागते आणि तीन वर्षं ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. कोर्स त्याने केला होता. त्याच्या बायकोने, सीमाने, सही केली होती. एक नाव वर्कशॉपच्या मालकाचं, रॉनचं होतं. दुसरं माझं हवं होतं.

"सर, पोलीसवाल्यांचा फोन येईल कदाचित. जे खरं ते सांगा," एवढंच तो म्हणाला.

मी सही केली आणि त्याच क्षणापासून झोप उडाली. मेकॅनिकला बंदूक कशाला? अरुणा म्हणाली, "अहो, अर्धं ओंटारिओ शिकारीला जातं." जाऊ दे की, पण ते अर्धं ओंटारिओ माझ्या गॅरेजचा कोड बाळगत नाही.

म्हणून एका शनिवारी तो दुकानात बंदुका बघायला निघाला तेव्हा मीही बरोबर गेलो. त्याला वाटलं मला हौस आहे. मी पाळत ठेवायला गेलो होतो.

काउंटरवरच्या म्हाताऱ्याने बारा गेजची बंदूक काढली. सगळे हीच घेतात, काडतुसं कुठेही मिळतात, असं तो म्हणाला. ईश्वरने ती खांद्याला लावून बघितली आणि परत ठेवली. "दहा गेज आहे का?" त्याने विचारलं. मला वाटलं, आकडा कमी म्हणजे बंदूक लहान, आणि बरं वाटलं. म्हाताऱ्याने आतून जे काढलं ते बघून मी काउंटरपासून मागे सरलो. नळीत माझा अंगठा आरामात गेला असता. गेजचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी, हे मला तिथे कळलं.

"एवढी मोठी कशाला?" मी मराठीत विचारलं.

"याच्याहून मोठी गूजसाठी, म्हणजे रानहंसांसाठी, कायद्यातच बसत नाही, सर."

हे ऐकून माझ्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. बसत असती तर घेतली असती, असं आलं. म्हाताराही त्याला परावृत्त करत होता. जड आहे, खांदा फोडते, काडतुसं शोधत फिरावं लागेल. ईश्वर ऐकून घेत होता, पण हात त्याच बंदुकीच्या दस्त्यावर होता. त्याने डोळे मिटून ती तीनदा खांद्याला लावली आणि दर वेळी डोळे उघडून नळी कुठे रोखली गेलीय ते पाहिलं. या माणसाला हे कोणी शिकवलं, असं मी स्वतःला विचारत राहिलो.

परत येताना गाडीत मी आपला नेहमीचा मराठी तपास सुरू केला. गाव कुठलं, तालुका कुठला, पवार म्हणजे कुठले पवार? आपण हे इतक्या गोडीने विचारतो की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

"म्हणजे तुम्ही मराठाच ना?"

"नाही सर. फासेपारधी."

मग तोच बोलत राहिला, इतका तो कधीच बोलला नव्हता. "माझा आजा फाशात तित्तर धरायचा. अंड्यावरची मादी सापडली तर सोडून द्यायचा, पिल्लू सापडलं तरी सोडायचा. पण जखमी करून सोडायचं नाही, ते पाप. इथे पाणपक्ष्यांना शिसं चालत नाही, सर, स्टीलचे छर्रे लागतात. स्टील हलकं, लांबवर जोर टिकत नाही. मग छर्रा मोठा पाहिजे आणि नळीही मोठी. बारा गेजने गूज नुसता जखमी होऊन गेला तर कुठेतरी दोन दिवस तडफडत मरणार. दहाने जागेवर पडतो."

याहून सरळ उत्तर काय असतं? पण मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. लहानपणापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीत चोरी झाली की लोक जो शब्द बोलायचे, तो तेवढा ऐकू आला. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? घरी येऊन मी गॅरेजचा कोड बदलला.

मार्चमध्ये फोन आला. अधिकारी फार सभ्य होता. किती वर्षं ओळखता, दारू पितो का, घरात भांडणं आहेत का? मी सगळं खरं सांगितलं. चांगला माणूस, निर्व्यसनी, कष्टाळू. शेवटी त्याने विचारलं, काही चिंता वाटते का? नाही म्हणालो असतो तर फोन संपला असता. मी म्हणालो, "नो कन्सर्न्स. पण त्याची जमात पारधी आहे. इंडियात त्यांची एक हिस्टरी आहे. यू माइट वॉन्ट टु चेक." त्याने स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं. फोन ठेवल्यावर जबाबदारी पार पाडल्यासारखं वाटलं.

पुढचं मला सीमाने अरुणाला फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. त्यांना फेब्रुवारीत मुलगी झाली होती आणि ईश्वरची आई गावाहून बाळंतपणाला आली होती. मार्च अखेर तो अधिकारी, युनिफॉर्ममध्ये, चार प्रश्न विचारायला घरी गेला. दारात बूटसुद्धा काढले बिचाऱ्याने. पण म्हातारीने खिडकीतून वर्दी पाहिली होती. तिच्या उभ्या आयुष्यात वस्तीवर वर्दी आली की बायकांनी पोरं उचलून रानात पळायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने पाळण्यातली नात पदरात बांधली आणि मागच्या दाराने अनवाणी बर्फात गेली.

वीस मिनिटांनी ती पार्कातल्या झाडांमागे सापडली. शोधणाऱ्यांत तो अधिकारीही होता. त्याने आपलं जॅकेट तिच्या अंगावर टाकलं तेव्हा ती किंचाळली. बाळ पोटाशी गरम होतं, त्याला काही झालं नाही. म्हातारीच्या पायाची दोन बोटं हिमदंशाने गेली.

अरुणाने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो.

एप्रिलच्या शेवटी ईश्वर विंटर टायर काढायला आला. दरवर्षीसारखा, जॅक घेऊन. गॅरेजचं दार जुन्या कोडने उघडेना तेव्हा त्याने बेल वाजवली. मी आतून दार उघडलं, ड्राइव्हवेवर उभा राहून त्याच्या आईची चौकशी केली, वाईट वाटलं म्हणालो. मग न राहवून विचारलं, "लायसन्सचं काय झालं?"

"अर्ज मागे घेतला, सर." तो चाक काढत होता. "त्या साहेबाचा काही दोष नाही. चांगला माणूस होता. त्याने मला फक्त विचारलं, व्हॉट इज पारधी?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"फॉर्मवर दोनच नावं होती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "रॉनला हा शब्द माहीत नाही, सर."

मला वाटलं, आता हा पाना टाकून निघून जाईल. मला तेच हवं होतं. पण त्याने चारही चाकं बसवली, नट एकेक करून आवळले, काढलेले टायर माझ्या गॅरेजमध्ये नीट रचून ठेवले. मग हात पुसले आणि जॅक उचलला.

"शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्या," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाकडून तरी."