भिंतीकडे वळलेला चेहरा

मूक विनोदपटांचा काळ किती निरागस होता, असे बोलपट आल्यापासून जो तो लिहू लागला आहे. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही एडनडेलच्या टेकडीखालचे आमच्या चित्रपट कंपनीचे आवार पाहिलेले नसते. मी तिथे मूकपटांत संवादांऐवजी पडद्यावर येणाऱ्या पाट्या लिहीत असे. त्याआधी आयोवातल्या एका शाळेत लॅटिन शिकवत होतो. ‘धडाम’ हा शब्द किती ठळक अक्षरांत लिहावा यावर अशिक्षित माणसांशी हुज्जत घालण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पण ती तक्रार मी इथे मांडत नाही. तक्रार ऑरिन टकवेलची आहे. त्याने ती कधीच केली नाही, म्हणून मला करावी लागते.

ऑरिन कॅन्सासमधल्या एका फिरत्या सर्कशीत झोपाळ्यावरची कामे करी. सर्कस बुडाली आणि तो बायकोसह लॉस एंजेलिसला आला. आमचा प्रमुख नट लेस्टर पॉम्फ्रेट याची उंची आणि खांदे त्याच्याशी तंतोतंत जुळत, एवढ्या भांडवलावर त्याला काम मिळाले. ‘पॉम्फ्रेट आपल्या सर्व उड्या स्वतः मारतो,’ अशी जाहिरात कंपनी देशभर करीत असे. प्रत्यक्षात हा गृहस्थ स्टुलावर चढायचे झाले तरी कोणाचा तरी हात मागे. छपरावरून कोसळे तो ऑरिन. ट्रामच्या मागे फरफटे तोही ऑरिनच.

बदलीच्या माणसांना नियम एकच होता: चेहरा दिसता कामा नये. दिसला की चित्रण वाया, आणि तीच उडी पुन्हा. त्यामुळे पाय सुटण्याआधी ऑरिनची मान वळे. वर्षानुवर्षांच्या सरावाने ती त्याच्या इच्छेवर अवलंबून राहिली नव्हती. त्याची बायको लेनोरा आमच्या कपडेखात्यात शिवणकाम करी आणि त्याच्या विजारींना आतून नमद्याच्या गाद्या लावी. ती म्हणे, “घरी दिवा लावला ना, मास्तर, तरी हा मान फिरवतो. लग्न कोणाशी केलं ते विसरायला झालंय मला.”

वास्तविक चेहरा हेच त्याचे खरे धन होते. जेवणाच्या सुट्टीत तो पाव खाता खाता नुसत्या भुवयांनी पॉम्फ्रेटची, मालकाची, मालकाच्या कुत्र्याची नक्कल करी, आणि सुतारांच्या नाकातून कॉफी बाहेर येई. त्याला एकच हवे होते: स्वतःच्या चेहऱ्याने केलेला एक छोटा चित्रपट. दिग्दर्शक गस हॅलनबेकच्या मागे त्याने इतका लकडा लावला, की शेवटी एका सकाळी हॅलनबेक कबूल झाला.

“रंगाऱ्याचा प्रसंग कर. सरळ कॅमेऱ्यात बघून कर,” तो म्हणाला. “मालकांना आवडला तर दोन रिळांचा एक चित्रपट तुझा. नाही आवडला तर मात्र माझं डोकं खायचं नाही. एकदाच सांगतोय.”

“कपडे?”

“पॉम्फ्रेटच्या पुढच्या चित्रपटाचे शिवलेत, तेच घाल. तुझ्यासाठी शिंपी बसवू की काय, राजे?”

प्रसंग असा होता. चौथ्या मजल्यावर रंगाऱ्याची लोंबती फळी. तिची एक दोरी सुटते, रंगारी फळीच्या टोकाला लटकतो, आणि खालून जाणाऱ्या दूधगाडीच्या छतावर पडतो. छताच्या कापडाखाली गवत आणि गाद्या. ऑरिन पॉम्फ्रेटच्या बदली असली कामे करी तेव्हा त्याचे तोंड भिंतीकडे असे. गाडी दिसत नसे. म्हणून खालून एक माणूस शिट्टी वाजवी, आणि शिट्टी ऐकून तो हात सोडी. या खेपेला तोंड रस्त्याकडे राहणार होते.

“शिट्टी ठेवायची का?” चित्रण सुरू होण्याआधी मी हॅलनबेकला विचारले. लॅटिनच्या माणसाला असे प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, तरी विचारले.

“कशाला?” हॅलनबेक हसला. “आज त्याला डोळे आहेत, तोंड आहे. गाडी दिसली की सोडेल. काय रे ऑरिन?”

“दिसेल की!” ऑरिन वर फळीवरून ओरडला. त्याने दाढी दोनदा केली होती. लेनोराने विजारीची गादी पुन्हा एकदा चाचपून पाहिली होती आणि ती रस्त्याच्या कडेला टाचणीची उशी मनगटाला बांधूनच उभी होती.

समोरच्या खिडकीत कॅमेऱ्याची मूठ फिरू लागली. ऑरिनने ब्रश बादलीत बुडवला, थेंब टोपीवर पडला, त्याने वर पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. भीती, आशा आणि लाज त्या चेहऱ्यावर एकामागून एक अशी उमटली, की सुतार हातोडे थांबवून पाहत राहिले. मग दोरी सुटली. फळी कलली. दूधगाडी कोपऱ्यावरून वळली.

आणि त्याची मान वळली.

भिंतीकडे. त्याने ठरवून केले नाही. पाय सुटले, एवढेच. हात फळीच्या टोकाला, तोंड विटांना, आणि तो शिट्टीची वाट पाहत लटकून राहिला. शिट्टी वाजवायला कोणी नव्हते.

“सोड! ऑरिन, सोड!” लेनोरा किंचाळली. तोवर गाडी पुढे सरकली होती. त्याने हात सोडला आणि तो छताच्या कडेवर आपटून चाकापाशी पडला. विजारीची गादी मागच्या बाजूला होती. आघात कुशीवर झाला.

त्याला उचलून नेत असताना हॅलनबेकने खिडकीकडे पाहून विचारले, “चेहरा आला का?”

“पडताना नाही आला,” कॅमेरावाला म्हणाला. “पण मान काय वळलीय, साहेब! असं लटकणं मी आजवर पाहिलं नाही.”

चेहरा नसलेले चित्रण आणि पॉम्फ्रेटचे कपडे; पुढचे वेगळे सांगायला नको. सुरुवातीचा भाग, ज्यात ऑरिनचा चेहरा होता, कापून टाकला गेला. लटकण्यापासून पडण्यापर्यंतचा तुकडा ठेवला, आणि त्याला पॉम्फ्रेट दुधाच्या कॅनांतून डोके वर काढतो तो तुकडा जोडला. मी पाटीत ऑरिनचे नाव घालून दिले. हॅलनबेकने ते खोडले.

“मास्तर, लोक पडणाऱ्याला हसतात. नाव वाचत बसले तर हसणार कधी?”

ऑरिनचे कंबरेचे हाड वाकडे जुळले. उड्या संपल्या, आणि हॅलनबेकच्या अटीप्रमाणे त्याने पुन्हा काही मागितले नाही. चित्रपट लागला तेव्हा तो काठी टेकत मेन स्ट्रीटवरच्या थिएटरात आला. मध्ये तो, एका बाजूला लेनोरा, दुसऱ्या बाजूला मी. फळी कलली आणि सारे प्रेक्षागृह हसून लोळू लागले. पुढच्या रांगेतला एक जाडा गृहस्थ डोळे पुसत मागे वळला.

“काय हो, दात दुखतोय का? हसा की! हा पॉम्फ्रेट एक दिवस मरणार बघा असल्या उड्या मारून!”

“ती विजार मी शिवलीय,” लेनोरा त्याला म्हणाली. त्या गदारोळात त्याला ते ऐकू गेले नाही. ती उठली आणि आमच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर निघून गेली.

ऑरिनचे तिकडे लक्ष नव्हते. तो पुढे झुकून पडद्यावरची ती पाठ, ती मान, ते विटांना टेकलेले कपाळ पाहत होता. मग त्याने माझ्या बाहीला धरले.

“पाहिलंत, मास्तर?” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. “जरासुद्धा दिसलो नाही.”