लिफ्टवाल्याच्या आईचं घर

वरखाली लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः राहायचा बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. त्याचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर असेल तेवढंच, बाकी सगळ्यांना तो वरखाली. त्याच्या घरावरचे सगळे विनोद त्याचे ऐकून झाले होते. कुणी नवा करायला गेलं की तो आधीच हसून मोकळा व्हायचा, म्हणजे समोरच्याचे कष्ट वाचतात.

आईचे गुडघे गेले आणि त्याला हे हसणं जमेनासं झालं. थंडीच्या सुरुवातीला ती शेवटची खाली उतरली होती. त्यानंतर तिचा संसार खिडकीतून. खालच्या गॅरेजवाल्याने गाडी वाकडी लावली की ती चौथ्या मजल्यावरून त्याला सांगायची, आणि तो मान वर करून "बरं आजी" म्हणत गाडी सरकवायचा. "माझं काय," ती म्हणायची, "मी पोपट. दाणे टाका, पाणी ठेवा, झालं." पण संध्याकाळी तिच्या जुन्या मैत्रिणी खालच्या बाकावर जमल्या की ती उठून खिडकी लावून घ्यायची. ते बघितलं की वरखाली उगाच नळ घट्ट करायला जायचा.

त्यात घरमालकाचा मुलगा परदेशातून कायमचा परत आला, आणि महिनाअखेर जागा मोकळी करा असा निरोप आला. वरखाली बोटांवर उरलेले दिवस मोजायला लागला. त्याची बायको मात्र म्हणाली, "बरं झालं. आपण होऊन हललो नसतो कधी."

एजंटच्या जुडग्यात त्यांच्या ऐपतीतल्या तीनच किल्ल्या होत्या. एक टेकडीवरच्या उपनगरातली, एक नदीपलीकडची, एक गोदामांकडची. हा एजंट प्रत्येक वाक्याला आधी पायपुसणं घालायचा. "म्हणजे कसं आहे साहेब, टेकडीवर हवा आहे. म्हणजे कसं आहे साहेब, नदीपलीकडे शांतता आहे. म्हणजे कसं आहे, गोदामांकडे सोय आहे."

"आणि कुठे काय नाही, ते सांगा ना," वरखाली म्हणाला.

"म्हणजे कसं आहे साहेब, नाही असं काही नसतंच."

टेकडीवर वरखालीचा मेहुणा राहायचा. त्याला फोन लावला तर तो सुटलाच. "आमच्या इथे पंखा लागत नाही भाऊजी. आमच्या इथे पाखरं ऐकू येतात. आमच्या इथे रात्री चिटपाखरू दिसत नाही."

वरखालीच्या बायकोने फोन हातात घेतला. "तुझ्या इथून माझ्या कारखान्यात पहाटे कसं यायचं, ते सांग."

"आमच्या इथे सगळ्यांकडे गाड्या आहेत ताई."

टेकडी तिथेच संपली. बायको पावाच्या कारखान्यात पीठ मळायची. उजाडायच्या आत पाळी सुरू, आणि टेकडीवरून पहिली बस सुटेपर्यंत तिचं पीठ फुगून भट्टीत गेलेलं असणार. तरी घर बघायला गेल्यावर वरखालीचा पाय तिथून निघेना. तिथली लिफ्ट अशी गुळगुळीत, की थांबली तरी पोटातलं पाणी हलत नाही. "लिफ्टलाच मागणी घालायची होतीत," बायको म्हणाली. पण फाटकाबाहेर पडल्या पडल्या रस्ता असा उताराचा, की आई लिफ्टने खाली येणार आणि फाटकातच उभी राहणार. मग चौथा मजला काय वाईट होता.

नदीपलीकडचं घर तळमजल्याचं. पायरी एकच. पण ताज्या रंगाखाली भिंत गुडघ्यापर्यंत ओली होती. बोट टेकवलं की बोट थंड पडायचं, आणि ओल म्हटली की आईच्या छातीत शिट्टी वाजायला लागते. शिवाय मध्ये पूल. पहाटे पुलावरून बस नाही, चालतच यायचं. ते घर कुणालाच आवडलं नाही. एजंटलाही नसावं, कारण तिथे तो सारखा घड्याळ बघत होता.

उरली गोदामं. दिवसभर ट्रक, धूळ, हॉर्न. पण कारखाना दोन गल्ल्या सोडून, इमारतीच्या खालीच दवाखाना, आवारात सावली आणि सावलीत म्हाताऱ्या माणसांचा अड्डा. घर सहाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट होती. वरखालीची बायको कुठल्याही घराला "बघू" एवढंच म्हणायची. इथे ती खिडकीत उभी राहिली, कारखान्याचं धुरांडं बघितलं आणि म्हणाली, "इथून मी चालत जाईन." हा आवाज वरखालीने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्याला आतल्या आत धास्ती वाटली. आता इथे काही खोट निघाली तर ती काढणार तोच.

"लिफ्ट जुनी आहे," तो म्हणाला. "मी एकदा बघून घेतो."

"म्हणजे कसं आहे साहेब, रविवारी संध्याकाळी दुसरी मंडळी येतायत घर बघायला. त्याच्या आत काय ते बघा."

आई घरी हट्टाला पेटली होती. "मला बोचकं समजू नका. जिथे नेऊन ठेवणार, ते मी आधी डोळ्यांनी बघणार." मग रविवारी दुपारी दोघांनी तिला खुर्चीवर बसवून खाली आणलं. तो पुढे, उलटा उतरत. बायको वर, सगळा भार मनगटांवर घेऊन. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरखालीचा पाय पायरीच्या कडेवरून सटकला आणि खुर्ची भिंतीला घासत थांबली. त्याने पाय परत रोवला. आईच हळू आवाजात म्हणाली, "पोरी, हात भरून आले असतील तर टेकव की मला." तिची सून म्हणाली, "टेकवलं तर परत उचलवणार नाही आई."

गोदामांकडे पोचल्यावर त्याने आईची खुर्ची खाली सावलीत ठेवली, एजंटला जवळ उभं केलं आणि बजावलं, "मी हाक मारेपर्यंत कुणी लिफ्टमध्ये जायचं नाही." बायको जिन्याने पुढे गेली, सहाव्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायला. तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे निघाला. रखवालदाराने किल्ली दिली होती. लिफ्ट वेगळ्या कंपनीची, पण ह्या धंद्यातला माणूस कपडे बघून ओळखू येतो.

कामावर असताना तो कधी एकटा नसायचा. खाली जोडीदार असायचा, लिफ्टचं दार उघडं धरून, पाटी लटकवून. मग वर तो निर्धास्त मेन स्विच ओढायचा. बारा वर्षांचा हात होता तो, डोक्याला विचारत नव्हता. त्या दिवशी खाली पाटी नव्हती आणि जोडीदार म्हणून उभा होता एजंट. वरखाली खोलीत शिरला, त्याने सवयीने खटका खाली ओढला. आणि आवाज थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज येत होता. शेवटच्या पायऱ्या चढताना जी घरघर कानावर पडत होती, ती लिफ्ट चालण्याची होती.

खालून, विहिरीतून यावा तसा आईचा आवाज आला. "अरे, इथला दिवा गेला रे."

दोर खाली जातात त्या भोकाशी तो वाकला. "तुम्ही आत कशाला गेलात?"

"मीच म्हटलं ह्याला. खाली बसून काय बघणार, आवार?"

मग एजंटचा आवाज, बराच पातळ झालेला. "म्हणजे कसं आहे साहेब, आजींनी ऐकलंच नाही."

साधी गोष्ट होती, खटका परत वर करायचा. त्याचा हात खटक्यावर गेलाही. पण तेवढ्यात ब्रेक दिसला. लिफ्ट उभी राहते ती मोटरच्या आसावर आवळलेल्या ब्रेकच्या दोन जबड्यांनी, आणि त्यातल्या एका जबड्याचं अस्तर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. अशा जुन्या लिफ्टला वीज आली की ती आधी तळमजला गाठायला सुसाट खाली पळते. पळू दिली आणि तळाशी धरली गेली नाही, तर. तो "तर"च्या पुढे गेला नाही. त्याने हात काढून घेतला.

राहिला एकच मार्ग, हाताने. एकाने ब्रेकचा दांडा दाबून जबडे हलकेच सोडायचे, दुसऱ्याने मोटरचं चाक धरून लिफ्ट इंचाइंचाने मजल्याला आणायची. दोन माणसं लागतात. त्याने जिन्यात तोंड घालून बायकोला हाक मारली.

ती आली तीच त्याचा चेहरा वाचत. "आई आत आहेत?"

"तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये. ते चाक धर. नीट ऐक. ब्रेक सोडला की लिफ्ट खाली जाणार नाही, वर खेचली जाईल. पलीकडच्या दोराला लोखंडी वजन आहे, ते आईपेक्षा आणि ह्या एजंटपेक्षा जड आहे. चाक तुझ्या हातातून फिरायला बघेल. फिरू द्यायचं, पळू द्यायचं नाही."

"घट्ट पिठासारखं."

"कसं ते तुला माहीत. आणि मी धर म्हटलं की धरायचं, कारण ब्रेक धरेल की नाही हे मला माहीत नाही."

तिने चप्पल काढली, पाय फाकवून उभी राहिली आणि चाक छातीशी घेतलं. त्याने दांडा दाबला. चाक हललं, थरथरलं आणि एकदम जोर करून उठलं. तिच्या दंडाच्या शिरा वर आल्या. "धर." ब्रेक चावला, थोडा घसरला, मग थांबला. जळक्या रबराचा वास आला.

खालून आई म्हणाली, "काय चाललंय रे वर?"

"काही नाही आई. आणतोय."

"मी घाबरले नाहीये. हा शेजारचा घाबरलाय."

परत सोड, परत धर. दोरावर प्रत्येक मजल्यासाठी पिवळ्या रंगाचा पट्टा असतो, तो मशीनच्या चौकटीवरच्या खुणेला जुळला की लिफ्ट त्या मजल्याला लागली. चौथ्याचा पट्टा खुणेपासून वीतभर लांब होता, मग चार बोटं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बायको नुसती नाकाने श्वास घेत होती. एकदा ब्रेक घसरला तो थांबायचं नावच घेईना. तेव्हा तिने गुडघा भिंतीला रोवला आणि चाक नुसत्या हातांनी अडवून धरलं. पट्टा खुणेला लागला. "बस," तो म्हणाला, पण तिने चाक सोडलं नाही. तो खाली धावत जाऊन चौथ्या मजल्याचं दार उघडून "निघाले दोघं" असं ओरडेपर्यंत ती तशीच उभी होती.

आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, केस विस्कटलेले, डोळे मात्र लखलखीत. एजंट पायरीवर बसला होता.

"अंधारात माणूस खरं बोलतो," आई म्हणाली, आणि तिने एजंटचा आवाज अगदी त्याच्या नाकासकट काढला. "'म्हणजे कसं आहे आजी, ही आठवड्यातून एकदा अडकतेच. पण सुटते आपोआप.'"

एजंटने मान खाली घातली.

बायको वरून उतरत आली. तिच्या तळव्यांवर चाकाचे लाल वळ उमटले होते. तिने वरखालीकडे बघितलं. "दुरुस्त नाही व्हायची?"

"होईल की. पण ती माझी लिफ्ट नाही. त्यांची कंपनी येईल तेव्हा येईल."

"तोवर आई सहाव्यावर."

"सहाव्यावर."

ती जिन्याच्या खिडकीशी गेली. इथूनही धुरांडं दिसत होतं. तिने ते पुरेसं बघून घेतलं आणि मग म्हणाली, "चला, खुर्ची आणा वर."

चार मजले पुन्हा खुर्ची. ह्या वेळी दर मजल्यावर टेकवावी लागली. आवारात पोचल्यावर दोघंही वाकून धापा टाकत होते, आणि आई त्यांच्याकडे बघत होती, एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे.

"आता मला उचलायचं नाही," ती म्हणाली. "घरीसुद्धा नाही."

"आई, घर चौथ्यावर आहे. जाणार कुठे मग?"

"पायरी नाही तिथे चला."

एजंटने न सांगता जुडग्यातून नदीपलीकडची किल्ली वेगळी काढली. पहिल्यांदाच तो काही न बोलता पुढे चालला.

नदीपलीकडच्या घराची एक पायरी आई चौकटीला धरून स्वतः चढली. आत रिकाम्या खोलीत खुर्ची मांडली, ती बसली. वरखालीने भिंतीला हात लावला. हात ओला झाला, तो त्याने आईसमोर धरला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "छाती माझी आहे, मी बघेन."

"आणि हिने रोज पहाटे पूल चालायचा?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग सुनेला म्हणाली, "पोरी, तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मी आत्ता उठते. उचला आणि न्या त्या सहाव्यावर."

एजंट दारातच थबकला होता. वरखालीला वाटलं बायको आता "बघू" म्हणेल, आणि ते "बघू" महिनाअखेरपर्यंत पुरेल.

"चला," ती त्याला म्हणाली, "पूल दाखवा."

आईजवळ एजंटला बसवून दोघं निघाले. पूल लांबच लांब होता. ट्रक गेला की पायाखाली थरथर व्हायची. चालायची वाट एका बाजूलाच होती, आणि ती इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तर कठड्याला चिकटून उभं राहावं लागायचं. तिने पहाटेला निघावं तसा पाय उचलला. तो मागे राहायला लागला.

"पहाटे दिवे असतात का इथे?" तिने विचारलं.

त्याला माहीत नव्हतं. "मी येत जाईन सोडायला."

"रोज?"

"रोज."

"आणि झोपणार कधी?"

"परत जाऊन."

पीठ अजून फुगलं नाही की जसं बघतात, तसं तिने त्याच्याकडे बघितलं. पुलाच्या मध्यावर वारा असा होता की शब्द तोंडातून निघायच्या आत मागे पडत होते. ती थांबली नाही. पलीकडच्या टोकाला पोचली, मागे वळून सगळी लांबी एकदा डोळ्यांनी मापली, आणि दुखरे तळवे एकमेकांवर चोळत म्हणाली, "हिवाळ्यात कानटोपी लागेल."

"आणू," तो म्हणाला.

"दोन आणा."