खंडेनवमीच्या हौसेने घासलेली बंदूक

खंडेनवमीला हत्यार लख्ख असलंच पाहिजे, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. वडील कारखान्यात फिटर होते. त्या दिवशी घरातले पान्हे, करवत, अगदी विळीसुद्धा पॉलिशपेपरने घासून, तेल लावून ते पाटावर मांडत आणि मग हळदकुंकू वाहत. मी तोयोसुच्या ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवतो, पण हात अजून शिवशिवतात.

इचिकावात आमच्या शेजारी एक जपानी आजी एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे सासरची जुनी बंदूक होती, वात पेटवून बार काढायची. तिचा नोंदणीचा कागदही त्यांनी जपून ठेवला होता. आजी वृद्धाश्रमात जाणार होत्या. बाकी सामान टाकून द्यायची तयारी होती, पण बंदूक सासरच्या गावच्या संग्रहालयात जावी, घराण्याच्या नावासकट, एवढीच त्यांची इच्छा होती. आठवड्याभरात तिथले गृहस्थ बघायला येणार होते.

"आजी, ही अशी गंजकी दाखवणार? दसरा जवळ आलाय, आमच्याकडे हत्यारं घासूनपुसून पुजतात. मी करून देतो."

"छे, तुम्हाला उगाच त्रास," असं म्हणून त्या हसल्या.

इथे नकार असाच देतात. सहा वर्षं राहून मला हे चांगलं ठाऊक होतं. पण हौसेपुढे मला काही सुचत नाही.

रविवारी मी त्यांच्या व्हरांड्यात ठाण मांडलं. नळी सोडवली, पॉलिशपेपरने चांदीसारखी केली. खालच्या लाकडी खाचेत काळ्या रेघोट्या होत्या. काजळी असेल म्हणून त्याही खरवडल्या आणि वर व्हार्निशचे दोन हात दिले. आजी चहा घेऊन आल्या. त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"किती स्वच्छ झालंय," त्या म्हणाल्या. मी खूश!

ते गृहस्थ आले त्या दिवशी आजींनी मलाही बोलावलं होतं. गृहस्थांनी हातमोजे घातले, नळी अलगद काढली आणि खाचेत टॉर्च मारला.

"इथे शाईने मालकाचं आणि गावाचं नाव लिहिलेलं असतं."

"होतं," आजी म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी दाखवलं होतं."

म्हणजे मी खरवडलेल्या त्या काळ्या रेघोट्या!

"मग हे कुणी घासलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "मीच. पाहुणे येणार म्हणून."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चहाच्या ट्रेमधले कप मी उगाच सरळ करत बसलो.

गृहस्थ हळू आवाजात बोलले. गंजासकट, नावासकट असती तर तिला मोल होतं. आता ती कुणाची, हे सांगताच येणार नाही. नाव शाबूत असलेल्या दोन बंदुका त्यांच्याकडे आधीच होत्या. बंदूक तिथेच ठेवून ते कमरेत वाकले आणि निघून गेले.

दार लावून आजी माझ्याकडे वळल्या आणि तेवढ्याच वाकल्या.

"तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, ती वाया गेली. मला माफ करा."

आणि मी, निर्लज्जासारखा, म्हणालो, "असू दे, आजी."