दुखणं सांगणारी जेंदेका

आमच्या टेकडीवर माणूस मेला की मातीत ठेवण्याआधी त्याचं दुखणं सांगावं लागतं. ज्यानं शेवटी सेवा केली त्यानं मांडवात उभं राहायचं. दुखणं कुठून सुरू झालं, कोणता पाला दिला, कुठल्या दवाखान्यात नेलं, शेवटचा घास कुणाच्या हातचा, सगळं सांगायचं. मग लोक विचारतात, आणि लोकांच्या तोंडाला काही धरबंध नसतो. घरच्या बायकांचा रडून घसा बसलेला असतो, पुरुष भलतंच बोलून जातात आणि प्रेत बाजूला ठेवून हाणामारी सुरू होते. म्हणून घरचे जेंदेकाला बोलवायचे.

जेंदेका विधवा होती. एक मुलगा, दोन गायी, केळीची बाग. अंगानं हाडकुळी, पण आवाज मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा. बोलावणं आलं की ती आधी त्या घरी जाऊन बसायची, खोदखोदून विचारायची आणि बजावायची, "माझ्याशी खोटं बोललात तर मी उभी राहणार नाही." तिचं म्हणणं असं की प्रश्न दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. एखाद्याला खरंच समजून घ्यायचं असतं, त्याला सरळ सांगावं. एखाद्याला टोचायचं असतं, त्याला कारण द्यावं, म्हणजे टोचायला जागा उरत नाही. आणि एखाद्याच्या जिभेवर कुणाचं तरी नाव आधीच तयार असतं, ते त्याला तुमच्या तोंडून हवं असतं. त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याला उत्तर द्यावं.

एकदा मेलेल्याचा भाऊ तावातावानं उठला. "इतक्या उशिरा का नेलं त्याला?"

"ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता," जेंदेका म्हणाली. "तू पलीकडे होतास. धडधाकट असून तुला इकडे येता आलं नाही. मग त्याला खाटेवर घालून कसं नेणार होते?"

भाऊ खाली बसला. मागून एक झिंगलेला ओरडला, "त्याची सायकल आता कुणाला?"

"तुला नाही. पुढचा प्रश्न?" मांडवात मेलेल्याची बायकोसुद्धा हसली.

कागेहाचं नाव मात्र सारखं निघायचं. ओढ्याच्या अंगाला एकटी राहणारी म्हातारी, गावची सुईण, नवरा आणि दोन मुलगे पुरून बसलेली. बाईला चेटकीण ठरवायला आमच्या लोकांना एवढं पुरतं. कुणाचं मूल दगावलं की कुजबूज कागेहाच्या दाराशी जायची. असल्या कुजबुजीतून घरं पेटतात हे सगळ्यांना ठाऊक, तरी कुजबुजायचं कुणी थांबवत नाही. त्या एका बाबतीत माझ्या लोकांची मला लाज वाटते. जेंदेका ती कुजबूज दर वेळी तिथंच विझवायची. "कागेहाच्या हातानं माणसं मरत असती," ती म्हणायची, "तर तिनं बाळंतपणं केलेलं हे अर्धं गाव इथं खुर्च्यांवर बसलं नसतं." जेंदेकाच्या केगोडेची नाळही कागेहानंच कापलेली होती.

हा केगोडे शहरातून परत आला होता. काम सुटलं की सोडलं, ते त्यानं सांगितलं नाही. दिवसभर गोठ्याच्या भिंतीला टेकून बसायचा. आईनं विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, आई." गावभराच्या प्रश्नांना उत्तरं देणारी ही बाई, पण घरातल्या माणसाकडून तिला एक उत्तर काढता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती दूध काढायला गेली तेव्हा तो गोठ्यात पडलेला होता. तोंडाला फेस, बाजूला गायीच्या गोचिडांवर मारायच्या औषधाचा डबा, रिकामा. तिनं त्याच्या तोंडात दूध ओतलं, ते बाहेर आलं. मोटारसायकलवाल्याला हाका मारल्या, पोराला दोघांच्या मध्ये बसवलं आणि त्याची मान आपल्या खांद्यावर धरून ती दवाखान्याकडे निघाली. चढ संपायच्या आत तो गेला. मोटारसायकल तिथूनच परत फिरली.

घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी काय केलं, तर तो डबा संडासाच्या खड्ड्यात टाकला. का ते आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. आपल्या हातानं जीव देणाऱ्याला आमच्याकडे मांडव नसतो. त्याला काठीनं झोडपतात, मग कुंपणाबाहेर पुरतात, आणि आईलासुद्धा मोठ्यानं रडू देत नाहीत. जेंदेकानं दुसऱ्यांच्या घरी ते पाहिलं होतं. त्या काठ्या आपल्या पोराच्या अंगावर पडताना बघायची तिची तयारी नव्हती. कुठल्या आईची असते?

मांडव पडला. दुखणं सांगायला अर्थात तीच उभी राहिली. चुलतपुतण्या लुगालिया पहिल्याच रांगेत होता. तोंडाळ, पण मनानं वाईट नव्हे.

"काकू, राग मानू नकोस. मोटारसायकलवाला म्हणतो, केगोडेच्या अंगाला औषधाचा वास येत होता."

मांडवातले सगळे काय विचार करताहेत ते जेंदेकाला कळत होतं, आणि प्रश्न कोणत्या जातीचा आहे तेही.

"येत होता," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळी त्यानं गायीला औषध लावलं. सदरा तोच होता. मी गोठ्यात काम करते, माझ्याही पदराला येतो, हुंगून बघ. दुसरं, त्यानं घेवड्याचं बी भिजत घातलं होतं. भांडं अजून दाराशी आहे. ज्याला उद्या बघायचा नाही तो पेरणीचं बी भिजत घालील का? आणि तिसरं." इथं ती थांबली असती तर! "तिसरं, आदल्या संध्याकाळी तो कागेहाकडे मक्याच्या पिठाची उगाली आणि कालवण पोटभर जेवून आला. दोनदा मागून घेतलं. मरायला निघालेला माणूस मागून घेत नाही. छातीत कळ आली आणि माझं पोर गेलं."

उत्तर पक्कं होतं. बी तिनं स्वतः भिजत घातलेलं होतं, पण ते कुणाला कळणार? माना डोलल्या. केगोडेला केळीच्या बागेत, बापाच्या शेजारी, गाणी म्हणून मातीत ठेवलं. जेंदेका मनसोक्त रडली. कागेहानं तिला पोटाशी धरून बसवलं होतं.

माती झाली, लोक जेवायला बसले आणि बोलणं सुरू झालं. तरणाताठा पोरगा, छातीचं दुखणं कधी नव्हतं. औषध प्यायला नाही, हे तर जेंदेकानंच सांगितलं. मग आदल्या संध्याकाळी तो जेवला कुणाकडे? जेंदेकाला बातमी लागली तेव्हा दिवस मावळला नव्हता. कागेहा आपल्या घरी गेली होती आणि पोरं पेट्रोल घेऊन ओढ्याकडे निघाली होती. त्यांच्या पुढे लुगालिया.

ती अनवाणी धावली. वाटेत आडवी झाली. "थांबा रे! तो औषध प्यायला! माझ्या पोरानं आपल्या हातानं घेतलं!"

"काकू, घरी जा." लुगालियानं तिला हळूच बाजूला केलं. "म्हातारीला वाचवायला पोराला बट्टा लावतेस?"

"वास येत होता! तूच म्हणालास!"

"सदऱ्याचा होता. तूच सांगितलंस."

"खरं सांगते, बाबांनो..."

"बी भिजत घातलं होतं ना?" मागून कुणीतरी म्हणालं. "दोनदा मागून जेवला ना?"

तिचं एकेक कारण ते तिच्या पुढ्यात ठेवत गेले. तिनं ती इतकी नीट रचली होती की आता तिलाच एकही पाडता येईना. जिला कधी शब्द कमी पडले नाहीत, तिला त्या घडीला डब्याची आठवणसुद्धा झाली नाही. ती नुसतं "नाही, नाही" म्हणत राहिली, आणि असलं उत्तर मांडवात तिनं दुसऱ्या कुणाकडूनही ऐकून घेतलं नसतं. ओढ्याकडून धूर वर आला. कागेहानं दाराला आतून कडी घातलेली होती.

कागेहाची मुलगी मिडेवा दोन दिवसांनी आली. तिनं आणि भाड्यानं आणलेल्या दोघा माणसांनी जळक्या भिंतीमागे खड्डा खणला. मांडव नाही, खुर्च्या नाहीत. गाव कुंपणाबाहेर उभं राहून बघत होतं, लुगालियाही. तेवढ्यात जेंदेका ओढा ओलांडून आली. हात कोपरापर्यंत घाणीनं भरलेले, अंगाला संडासाच्या खड्ड्याचा वास.

"मावशी," मिडेवा म्हणाली, "सगळ्यांचं तूच सांगतेस ना? मग माझ्या आईचं सांग. कशानं मेली ती?"

जेंदेका खड्ड्याच्या डोक्याशी उभी राहिली. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असा चढवला. खुर्च्या नव्हत्या, पण कुंपणापर्यंत पोचला.

"दुखणं शुक्रवारी सकाळी सुरू झालं. माझ्या गोठ्यात," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं क्रमानं सांगितलं. फेस, दूध, चढ. भिजत घातलेलं बी कुणाचं होतं. मांडवात कोणती कारणं दिली आणि त्यांतलं कोणतं कागेहाच्या दाराशी घेऊन गेलं. शेवटी तिनं पदराखालून डबा काढून मातीच्या ढिगावर ठेवला. "विचारा कुणाला काय विचारायचंय ते."

कुंपणाबाहेर लुगालिया डब्याकडे बघत राहिला. मग तो वळला आणि दोघा-तिघांना घेऊन जेंदेकाच्या केळीच्या बागेकडे, केगोडेला पुरलं होतं त्या दिशेनं चालू लागला. जाताना त्यानं कुंपणाची एक काठी उपटली. जेंदेकानं ते पाहिलं. ती हलली नाही.

"त्या दिवशी मांडवात का नाही सांगितलंस?" मिडेवानं विचारलं.

"माझा मुलगा होता म्हणून," जेंदेका म्हणाली. दुसरं कारण तिनं दिलं नाही. मग तिनं वाकून मूठभर माती उचलली आणि मिडेवानं अडवलं नाही, तेव्हा ती कागेहावर टाकली.