मागच्या दाराची कडी

हायस्कुलातला धोंडू शिपाई धावत आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते. दारात उभा राहून तो नुसता धापा टाकत होता. त्याचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो हा, ‘कुणी मारलं?’ धोंडू गोंधळला. म्हणाला, ‘कुणी न्हाई, बाई. मास्तर खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. हातात चहाचा कप व्हता.’ भाऊ गेल्याचं कळल्यावर बहिणीने विचारावा असा हा प्रश्न नव्हे, हे मला कळतं. पण इतकी वर्षं मी अण्णाच्या मरणाची बातमी मैदानावरून येईल म्हणून वाट पाहत होते, ती शिक्षकांच्या खोलीतून येईल असं मनातच आलं नव्हतं. धोंडूने सांगितलं त्यावर माझा लगेच विश्वाससुद्धा बसला नाही. घरी आणल्यावर मी आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून पाहिला, कुठे जखम आहे का ते...

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. हायस्कुलात भूगोल शिकवायचा आणि शाळाशाळांच्या फुटबॉल सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहायचा. वहिनी लवकर गेली, मी लग्न केलं नाही, त्यामुळे पवनेकाठच्या या गावात भाड्याच्या घरात आम्ही दोघंच. घरमालक आबा. गावात त्यांचा शब्द चालायचा आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. मी गावातल्याच प्राथमिक शाळेत. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहत होता आणि त्याच्या भोंग्यावर गावातले लोक घड्याळ लावायला शिकत होते, तेव्हा आम्ही इथे आलो.

अण्णा भित्रा होता. हे मी त्याच्या माघारी लिहिते आहे आणि त्याला ते आवडलं नसतं, पण खोटं लिहिलेलं तर मुळीच आवडलं नसतं. कुत्र्याला भ्यायचा, ढगांच्या गडगडाटाला भ्यायचा, विहिरीत वाकून पाहायचा नाही. शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की दोन दिवस त्याला जेवण जायचं नाही. असा माणूस खडकीच्या एका निवृत्त सुभेदाराकडे सायकलने जाऊन रेफरीचं शिक्षण घेतो, हे मला कधी पटलं नाही. मी म्हणायचे, तुला एवढाच हौशीचा धंदा सापडला का, त्यापेक्षा साप धर. त्यावर तो हसायचा आणि अंगणात उलट्या पावलांनी पळायचा सराव करायचा. त्याआधी आमच्याकडे सामना म्हणजे कसा, तर ज्या शाळेचं मैदान तिचाच ड्रिल मास्तर झाडाखाली खुर्ची टाकून शिट्टी फुंकणार, यजमान जिंकणार आणि पाहुण्यांना पोहे मिळणार. सगळ्यांना ठाऊक असे आणि पोह्यांबद्दल कुणाची तक्रार नसे. अण्णा मात्र पोरांबरोबर मैदानभर पळायचा. म्हणायचा, ‘चेंडू सगळेच बघतात गं. रेफरीने पाय बघायचे आणि हात बघायचे.’

मैदान आमच्या घराच्या मागेच. मध्ये बाभळीचं कुंपण आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येणारी एक पायवाट. सामन्याच्या दिवशी निघताना तो बुटांच्या नाड्यांना दोन दोन गाठी मारायचा आणि उंबऱ्यावरून सांगायचा, ‘सुमे, मागच्या दाराची कडी काढून ठेव.’ बाकी काही बोलायचा नाही. मी कडी काढायचे आणि चुलीपाशी बसायचे. सामना बघायला मी एकदाही गेले नाही, माझ्याच्याने होत नसे. पण ऐकू सगळं यायचं. आखूड शिट्टी, लांब शिट्टी, शिट्टीनंतरचा गलका... हळूहळू मला नुसत्या आवाजावरून सामना कळायला लागला. गलका झाला की मी निर्धास्त असायचे, कारण ओरडणारा माणूस निदान जागेवर तरी उभा असतो. मला धास्ती होती ती शिट्टीनंतर सगळं गप्प होण्याची.

ते एकदा झालं. आमच्या गावच्या शाळेची गाठ देहूरोडच्या डेपोतल्या कामगारांच्या मुलांच्या शाळेशी पडली होती. ती पोरं चपळ, बूट घालून खेळणारी. आमची शेतकऱ्यांची, अनवाणी, अंगाने थोराड. संघाचा कप्तान आबांचा पुतण्या. आदल्या दिवशी संध्याकाळी आबा चार माणसं घेऊन घरी आले, नारळ दिला आणि अण्णाच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. अण्णा संकोचला, पण घरी आलेला मान कसा नाकारायचा म्हणून मुकाट्याने बसून राहिला. त्याला वाटलं, शिक्षकाचा सत्कार आहे. मलाही तेच वाटलं, मी चहा केला. आम्ही दोघं शहरातल्या पेठेत वाढलेलो, गावचा आखाडा आम्हाला लांबूनच माहीत. या बाजूला जत्रेच्या कुस्त्यांना पंचाला असा फेटा बांधतात, आणि फेटा घेतलेल्या पंचाने एवढंच बघायचं असतं की गावचा पैलवान चितपट होऊ नये. तो खाली जायला लागला की पंच मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवतो. कुणी हरत नाही, दोन्ही गावांची अब्रू राहते. उठताना आबांनी ते उघड सांगितलं. ‘मास्तर, आमाला जिंकवा असं आमी म्हनत न्हाई. फकस्त पडू दिऊ नका.’

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ फेटा डोक्यावर तसाच ठेवून बसला होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. तो म्हणाला, कदाचित वेळच येणार नाही, पोरं चांगली खेळतात आपली. मग त्याने फेटा सोडून, घडी करून खुंटीवर ठेवला. त्या रात्री तो जेवला नाही. मी त्याला सांगितलं, घर आबांचं आहे, शाळा आबांची आहे, आणि तू काही आभाळातून पडलेला न्यायाधीश नाहीस. दुसऱ्या दिवशी दोन दोन गाठी मारून तो निघाला. नाड्या बांधताना त्याची बोटं थरथरत होती. ‘कडी,’ एवढंच म्हणाला.

हाफटाइमनंतर दोन्हीकडे एक एक गोल झाला होता, हे मी गलक्यावरून ओळखलं होतं. सामना संपत आला. मला वाटलं, झाली बरोबरी, देव पावला. तेवढ्यात एक लांब शिट्टी झाली, आणि त्यानंतर काहीच नाही. ना आरडाओरडा, ना शिवी. पुढे कळलं की आबांच्या पुतण्याने गोलसमोर चेंडू हाताने अडवला होता. गर्दीत तो हात कुणाला दिसला नव्हता, खुद्द डेपोच्या पोरांनीही तक्रार केली नव्हती. अण्णाने तो हात पाहिला आणि पेनल्टी दिली. शिट्टी वाजवली नसती तर त्याला विचारणारं कुणी नव्हतं, आणि गावाने मागितलेली बरोबरी आपोआप पदरात पडली असती. मी तेव्हा चुलीपाशी बसून फक्त ती शांतता ऐकत होते. मग लाथेचा एक आवाज, डेपोच्या लोकांच्या कोपऱ्यात थोड्या टाळ्या, थोड्या वेळाने शेवटच्या लांब शिट्ट्या. मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. पायवाट रिकामी होती.

आवाज आला तो पुढून. चावडीकडून. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं तर अण्णा रस्त्याच्या मधोमध चालत येत होता, रोज शाळेतून येतो तसा, आणि त्याच्या मागे सगळा गाव. लोक ओरडत होते, कुणी त्याच्या पाठीला ढेकळं मारत होतं. अण्णा मागे वळून बघत नव्हता. मला ओरडावंसं वाटलं, पळ, अरे पळ. तो घरात आला, माझ्याकडे न बघता खुंटीवरचा फेटा घेतला आणि पुन्हा बाहेर गेला. पायरीपाशी आबा येऊन उभे होते. अण्णाने दोन्ही हातांनी फेटा पुढे केला. हात इतके थरथरत होते की घडी सुटली आणि तो लांबच लांब गुलाबी फेटा पायरीवरून रस्त्यात उलगडत गेला.

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणूनच सांगते. फेट्याला पाय लागू नये म्हणून पुढचे लोक एकदम मागे सरले. त्यांच्या मागचे त्यांच्या मागे. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण फेटा तुडवायचा म्हणजे गावच्याच अब्रूवर पाय द्यायचा, हे त्यांच्या पायांना माहीत होतं. आबांनी वाकून एक टोक उचललं, दुसरं अण्णाने. दोघं समोरासमोर उभे राहून फेटा झटकायला आणि घडी घालायला लागले. मागून एक दगड आला आणि आमची दोन कौलं फुटली. आबांनी नुसतं वळून बघितलं, दुसरा दगड आला नाही. घडी पुरी झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘बरोबरीच मागितली व्हती, मास्तर.’ अण्णा म्हणाला, ‘ती माझ्याकडे नव्हती, आबा. मी कुठून देणार?’

पुढे महिनाभर आमच्या दुधाचा रतीब बंद होता. मी शाळेत जाता-येता मान वर करत नसे. घर सोडायला सांगतील म्हणून भांडी कित्येक दिवस पोत्यात भरून ठेवली होती. कुणी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी आमच्या संघाला खेडला खेळायला जायचं होतं, तेव्हा आबा आपण होऊन आले आणि सामन्यांच्या कमिटीला कळवून टाका म्हणाले, रेफरी आमचे मास्तरच पाहिजेत, परगावात आमच्या पोरांवर अन्याय नको. मला हसू आलं. अण्णा मात्र हसला नाही, त्याने लगेच विचारलं की खेडचे लोक मारत नाहीत ना.

एकदा मी त्याला विचारलं, कडी काढायला सांगतोस, दार उघडं ठेवतोस, मग त्या दिवशी मागून का आला नाहीस? चार उड्यांत घरात असतास. तो म्हणाला, ‘पळालो असतो तर पेनल्टी खोटी ठरली असती, सुमे. पळणाऱ्याचा निर्णय कोण मानतं?’ मग कडी कशाला, म्हटलं. तर म्हणाला, ‘दार उघडं आहे एवढं माहीत असलं की पाय जागेवर राहतात.’ इतक्या वर्षांत त्या दाराने तो एकदाही आत आला नाही.

पंधरवड्यापूर्वी त्याच्या माघारी पहिलाच सामना झाला. अण्णाच्या जागी चित्रकलेचे देशमाने मास्तर उभे राहणार होते. सज्जन, नवे, चष्मा लावणारे. मी मनाशी ठरवलं होतं की आता कान द्यायचा नाही, आता त्या मैदानावर माझं कुणी नाही. पण सामन्याची वेळ झाली आणि हात आपोआप कडीकडे गेला. मी ती काढली आणि चुलीपाशी बसले. उत्तरार्धात एक लांब शिट्टी झाली आणि सगळं गप्प झालं. तीच शांतता... तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि देशमाने मास्तर आत आले. चेहरा पांढराफटक, शिट्टीची दोरी मुठीत आवळलेली. ‘बाई, कडी लावा,’ म्हणाले.

मी विचारलं, काय दिलंत. त्यांनी गावचा गोल नाकारला होता. आपल्या पोराने चेंडू हाताने ढकलला, म्हणाले, मी स्वतः पाहिलं. मी विचारलं, सामना संपला का. नाही, म्हणाले, थोडा वेळ बाकी आहे. बाहेर आता गलका सुरू झाला होता. मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्यांचा हात इतका थरथरत होता की पाणी सदऱ्यावर सांडलं, आणि मला अण्णा आठवला, नाड्या बांधणारा. मलाही भीती वाटत होती. तरी मी म्हटलं, ‘पाणी प्या, मास्तर. मग पुढच्या दाराने चला. मी येते बरोबर.’

आम्ही चावडीवरून, सगळ्या लोकांमधून मैदानावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी सामन्याला जाऊन उभी राहिले. निघताना वळून पाहिलं होतं, मागच्या दाराची कडी लोंबत होती. मी ती लावली नाही.