कट्ट की ओल: सुम्याशिवायचा शुक्रवार

सुम्या मेला त्याला आज वर्ष झालं आणि आमच्या लाडक्या बँडचा नवीन अल्बम भारी आहे की भंगार, हे मला सांगता येत नाहीये.

पोस्ट आठवणीचीच आहे. सुरुवात कुठून करायची ते समजेना म्हणून इथून केली.

सुम्या म्हणजे सुमेध, वसमतचा. मी डोंगरकड्याचा. कॉलेजात एका बाकावर बसलो आणि दोघांच्याही मोबाईलमध्ये मेटलकोर निघालं.
अख्ख्या कॉलेजात आम्ही दोघंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रम धडाधडा, गिटार करवतीसारखी आणि एक माणूस घसा फाटेस्तोवर ओरडतो. हार्डकोर म्हणजे त्याचाच तापट थोरला भाऊ. माझे वडील एकदा ऐकून म्हणाले होते, "ह्या माणसाला आधी दवाखान्यात न्या."

नवीन अल्बम शुक्रवारी येतात. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी मी बस धरून वसमतला, सुम्याच्या घरी. त्याचा एक काळा ब्लूटूथ स्पीकर होता, त्याला माझा मोबाईल जोडून ऐकायचं.

सुम्या हळदीच्या अडत दुकानात कामाला होता. माल आला की हळकुंड मोडून बघायचा. कट्ट आवाज आला तर नीट वाळलेलं. नुसतं वाकलं तर आत ओल आहे.

अल्बमलाही त्यानं हेच लावलं.

एकदा पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. मग चहा. मग परत ऐकायचं. मग निकाल: कट्ट किंवा ओल.
मी कधी "बरा आहे" म्हणालो की उखडायचा.
"बरा म्हंजे काय? माल घ्यायचा का न्हाई, ते सांग!"

त्याची कसोटी एकच होती. "ओरडतेत तर सगळेच. काहून ओरडून राहिला, हे कळलं पायजे."

तो कट्ट म्हणाला की मी ओल म्हणायचो. तो ओल म्हणाला की मी कट्ट. मग जी जुंपायची ती शेवटची बस निघायची वेळ होईपर्यंत.
काकू, म्हणजे त्याची आई, आतून ओरडायच्या, "आरं, त्या गान्यापक्षी तुमचाच कालवा जास्ती हाय!"

मागच्या वर्षी त्याला साधा ताप आला. मग तो साधा राहिला नाही.
दवाखान्यात सलाइनच्या हातानं मोबाईल धरून विचारत होता, "गजू, आला का रे अल्बम?"
बँडवाले तारीख पुढं ढकलत होते. म्हटलं, "न्हाई आला. तू घरी तर चल, मंग ऐकू."

तो घरी आलाच नाही.

त्यानंतर मी नवीन काहीच लावलं नाही. शुक्रवारी घरीच बसायचो.

तो अल्बम आज आला. आजच. याचा काय अर्थ लावायचा मला कळत नाही. बहुतेक काही नसेलच.

सकाळी त्याच्या स्मृतिदिनाला गेलो. वंदना झाली, भंतेजी बोलले. मग त्याचे मामा माईकवर आले.
"आमचा सुमेध अत्यंत शांत आणि मितभाषी मुलगा होता..."

मला वाटलं, मी चुकीच्या घरी आलोय.

ऐकवेना. बाहेर चपलांपाशी येऊन उभा राहिलो, कानात इयरफोन घातले आणि नवीन अल्बम लावला.
कानात काहीच नाही. आवाज वाढवला. तरी नाही.

आणि घरातून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं.

मामांचा माईक सुम्याच्याच काळ्या स्पीकरला जोडलेला होता. माझा मोबाईल वर्षानंतरही त्याला विसरला नव्हता. आपणहून जाऊन चिकटला.

धडपडत आत गेलो. मामा माईक धरून तसेच उभे. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. मला लाजेनं मोबाईल बंद करता येईना.

काकू म्हणाल्या, "राहू दे."
"काकू, चुकून झालं..."
"राहू दे म्हनलं ना. दवाखान्यात इचारून राहिला होता, तेच हाय ना हे?"
मी मान हलवली.

मग पूर्ण अल्बम वाजला. कुणी उठलं नाही. भंतेजीसुद्धा बसून राहिले.
संपल्यावर काकूंनी सगळ्यांना चहा दिला. लोक जेवायला बाहेर गेले तशा माझ्यासमोर येऊन बसल्या.
"लाव आता दुसऱ्यांदा."

इतकी वर्षं आतल्या खोलीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं तर.

आता माझा गोंधळ सांगतो. हा माणूस काहून ओरडतोय ते मला आज शब्द न शब्द कळत होतं. पण ते अल्बम भारी आहे म्हणून, की आज तू नाहीस म्हणून? हे वेगळं कसं करायचं, सुम्या? तू असतास तर एका शब्दात सांगितलं असतंस. पण तू असतास तर हा प्रश्नच आला नसता.

काकूंनी विचारलं, "काय मंग? कट्ट का ओल?"
"कळंना गेलं, काकू."
"काहून? त्याच्या संगं तर लई तोंड चालायचं तुझं."
"तो आधी बोलायचा. मंग मला कळायचं."

काकूंनी स्पीकरकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "ओल हाय."

"काय बोलता काकू! कट्ट हाय!" मी ओरडलोच. "ते तिसरं गाणं ऐकलं का तुमी नीट?"

बोलून गेलो आणि मला रडू फुटलं. काकूही रडल्या आणि मधेच हसल्या.

निघताना म्हणाल्या, "फुडच्या शुक्रवारी ये. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पन आधी बोलायला कुनीतरी पायजे ना तुला."

बसमध्ये बसून हे लिहितोय. अल्बम खरंच कट्ट आहे की मला फक्त उलटं बोलायची सवय आहे, अजून कळलेलं नाही.

पण शुक्रवारी जाणार आहे.

अखेरचा जयभीम म्हणायला जीभ रेटत नाही, सुम्या. आपला रोजचाच घे.
जयभीम.